टाकीत मोरचूद

“ही सगळी घाण काढून फेका आन् प्लास्टिकची झाडं लावा. लाल-पिवळी. लांबून दिसली पायजेत,” तात्या म्हणाले.

मी तेव्हा स्टुलावर उभी होते. कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीत, बोटांना शेवाळाचे हिरवे केसाळ धागे गुंडाळलेले. बैठकीतली माणसं चहा पिता पिता माझ्याकडे बघत होती.

“नाही लावणार,” मी म्हणाले.

कुणीतरी कपबशी खाली ठेवली. चौसाळ्याच्या आसपास तात्यांना नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. मोठी बागायत, अर्धी हयात राजकारणात गेलेली. त्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुण्यांना दाखवायची भिंतभर लांबीची टाकी पालकाच्या भाजीसारखी झाली होती.

मी बीडमध्ये अ‍ॅक्वेरियमचं काम करते. टाक्या लावते, सांभाळते. ही टाकी मीच लावली होती. जिवंत झाडांची टाकी, आम्ही तिला प्लँटेड टँक म्हणतो. ती हवी होती रोहिणीला, तात्यांच्या सुनेला. पोरगी बॉटनी शिकलेली. तात्यांनी होकार दिला तो टाकी बैठकीत ठेवायच्या अटीवर. नंतर महिनोन् महिने मला कुणी बोलावलं नाही. टाकी पार हिरवी झाली तेव्हा फोन आला.

“तात्या, हिचा लाईट कधी बंद होतो?”

“बैठकीतली माणसं उठली की.”

“आणि माणसं कधी उठतात?”

“ते माणसास्नी इचारा,” तात्या म्हणाले. सगळे हसले.

हसता हसता एकाने बिस्किटाचा तुकडा मोडून वरच्या फटीतून आत टाकला. मी त्याच्याकडे बघितलं.

“खात्यात की,” तो म्हणाला.

मासे खात नव्हते. तुकडा विरघळत तळाला गेला. तळाला फुटाणे होते, मुरमुरे होते, एक आख्खी शेव होती. तात्यांना भेटायला येणारा प्रत्येक माणूस माशांना काहीतरी चारून जायचा.

मी टाकीचं पाणी टेस्ट किटमध्ये घेतलं. छोट्या काचेच्या नळीत थेंब टाकले की रंग बदलतो, त्यावरून पाण्यात नायट्रेट, म्हणजे खत, किती ते कळतं. नळी लालभडक झाली, म्हणजे खत फारच. मग नुसतं बोअरचं पाणी तपासलं. तेही लाल. शेतात टाकलेलं खत झिरपत बोअरमध्ये उतरतं, तसलाच प्रकार.

मी सगळ्यांसमोरच सांगितलं. झाडं आणि शेवाळ एकाच ताटात जेवतात. प्रकाश आणि खत, हेच दोघांचं जेवण. झाडं जोमात असली की ती आधी खातात आणि शेवाळाला फार काही उरत नाही. इथं दिवसभर लाईट, बोअरमधून खत, वरून बिस्किटं. झाडांनी खाऊन खाऊन किती खायचं? उरलं ते शेवाळाने खाल्लं, झाडांच्या पानांवर चढलं आणि त्यांचा प्रकाशच अडवला.

“मंग आता?” तात्यांनी विचारलं.

“शेवाळ हाताने काढायचं. लाईटला टायमर लावायचा. खाणं फक्त रोहिणीने घालायचं. पाणी बदलताना बोअरच्या पाण्यात आरओचं मिसळायचं. लवकर वाढणारी झाडं आणखी लावायची. आणि सुरुवातीला काही दिवस टाकी चादरीने झाकून ठेवायची. अंधारात शेवाळ उपाशी मरतं, झाडं तेवढे दिवस तग धरतात. महिनाभरात फरक दिसेल.”

“साखरपुडा म्हैन्यानं हाय का? आमच्या शेततळ्यात मोरचूद टाकलं की शेवाळ साफ व्हतंय. इथं कावून न्हाई?”

मोरचूद म्हणजे ते तांब्याचे निळे खडे. फवारणीसाठी आमच्याकडे घरोघरी असतात.

“शेततळ्यात तुम्ही मासे सोडलेत का?”

“न्हाई.”

“इथं आहेत. मोरचूद माशांचे कल्ले जाळतं. झाडांनाही मारतं. शिवाय सगळं शेवाळ एकदम मेलं तर ते सडतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं.”

“बरं,” तात्या म्हणाले. ते ‘बरं’ मला गप्प करायला होतं.

मी टायमर लावला, चादर घातली आणि निघाले.

साखरपुड्याच्या सकाळी दुकान उघडते तोच रोहिणीचा फोन.

“ताई, मासे सगळे वर आलेत. तोंडं उघडी टाकतायत. तळाला निळे खडे दिसतायत.”

“कुणी टाकले?”

“तात्या इथंच आहेत,” ती हळू आवाजात म्हणाली. मला कळलं.

“पाईप लाव. आधी ते खडे ओढून काढ, मग निम्मं पाणी काढ. हवेचा पंप फुल कर. मी निघाले.”

शटर ओढलं. दोन हवेचे पंप, कार्बनची पिशवी गाडीत टाकली आणि हायवेला लागले.

दारात मांडव पडलेला. बैठकीत गालिचे अंथरत होते आणि त्या गालिच्यांवरूनच पाण्याचा पाईप बाहेर गेलेला. रोहिणी नव्या साडीचा पदर खोचून टाकीत हात घालून बसली होती. तिच्यामागे तात्या उभे.

“पाव्हणे यायला लागलेत. बंद करा हे,” ते मला म्हणाले.

“नाही करणार. तुम्ही पाण्यात विष घातलंय.”

“चमचाभर तर टाकलतं! माझी टाकी, माझं घर. माझ्या बैठकीत मलाच शिकवताय?”

“हो. मासे जिवंत आहेत तोवर शिकवणार. नंतर टाकी तुमची. हवं तर तिच्यात गहू भरा.”

ते एक पाऊल पुढे आले. मला वाटलं, आता गड्याला हाक मारून मला बाहेर काढतील. या माणसाच्या एका शब्दावर तालुक्यातली माझी सगळी कामं बंद झाली असती. मी हात पाण्यात घातले.

तेवढ्यात रोहिणी उठली. कोपरांवरून पाणी गळत होतं.

“तात्या, टाकी मी मागितली होती. ती मी बघीन. पाव्हण्यांना मांडवात बसवा.”

सून सासऱ्याला चारचौघांत असं सांगते, हे त्या घरात नवीन असावं. गालिचे अंथरणारे खाली बघायला लागले. तात्या बाहेर मांडवात गेले.

आम्ही गच्चीवरच्या टाकीतलं बोअरचं पाणी भरलं, काढलं, पुन्हा भरलं. फिल्टरमध्ये कार्बन ठेवला. तो विष शोषून घेणारा कोळसाच असतो. शेवाळ खायला सोडलेल्या छोट्या कोळंब्या सगळ्या मेल्या होत्या, त्यांना तांबं जराही सोसत नाही. मासे मात्र बरेचसे वाचले. खडे पुरते विरघळले नव्हते, आणि आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, जड पाण्यात मोरचुदाचा जोर कमी पडतो. ज्या पाण्याला मी शिव्या घालत होते, त्यानेच हात दिला.

दुपारी साखरपुडा झाला. बैठकीत टाकीवर चादर, आत पंपाची बुडबुड. वरपक्षाकडच्या एका आजोबांनी विचारलं, “हे काय झाकलंय?”

“इलाज चालू हाय,” तात्या म्हणाले आणि पुढं गेले.

झाडांची पानं नंतर बरीच वितळली. मी रोहिणीला फोनवर सांगितलं, मुळं काढू नकोस. रोहिणी रोज मेलेली पानं कात्रीने कापायची, टूथब्रशने दगड घासायची. बिस्किटवाल्यांना तिने टाकीपासून लांब बसवायला सुरुवात केली. मग तळातून कोवळी पानं आली, धुतल्यासारखी. तिने पाठवलेल्या फोटोत मागच्या काचेवर थोडं शेवाळ अजून दिसतं. ते राहू द्यायचं. अजिबात शेवाळ नसलेलं पाणी जिवंत टाकीत नसतं.

तात्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. “बाई लई तोंडाळ हाय,” असं ते गावोगाव सांगत फिरले. मध्यंतरी केजहून एका कापडदुकानदाराचा फोन आला.

“चौसाळ्याच्या त्या तोंडाळ बाई तुमीच का?”

“मीच.”

“मंग या. आमची टाकी बी हिरवी झालीय.”

गेले. आता नवीन काम घेताना मी काचेचं माप नंतर घेते. आधी विचारते, टाकी कोण बघणार? “सगळेच बघतील की,” असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत येते.