पळसाच्या पाटीवर नसलेलं नाव

माघात एका सकाळी शालिनी गेली. ती माझी बायको. आर्णीच्या शाळेत ती गणित शिकवायची, मी कॉलेजात मराठी. दुपारी लोक आले, संध्याकाळी गेले.

त्यातली एक बाई माझ्याजवळ बसून म्हणाली, "काकूले ते भुलाबाईचं जुनं गाणं लय आवडे, नाही का सर? पळसाचं." मी हो म्हणालो. त्या 'हो'च्या मागे एक गोष्ट आहे. ती मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही — मुलीजवळसुद्धा नाही. तुमच्याजवळ बोलतो. कुठून सुरू करावं?

उद्यानापासून करतो. गावाबाहेरच्या टेकडीवर निसर्ग उद्यान करायचं ठरलं, तेव्हा लोकगीतांचा जाणकार म्हणून मला समितीवर घेतलं. आराखडा रेणुकाचा होता — यवतमाळची, वयाने माझ्या मुलीएवढी. तिला कारंजी नको होती, सिमेंटचे हत्तीही नको होते. झाडं इथली, तर झाडांपाशी शब्दही इथलेच हवेत, असं तिचं म्हणणं. मोहाखाली कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, गोष्टी, पायवाटेवर तांड्यावरची होळीची गाणी, आणि एक कोपरा भुलाबाईचा.

आमच्याकडे भुलाबाईची, म्हणजे भोंडल्यासारखी, गाणी म्हणून झाली की घरची बाई झाकलेला डबा वाजवते, आणि आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी आवाजावरून ओळखायचं. मी हे सांगितलं आणि रेणुकाने लगेच झाडांच्या बियांचे डबे करायचे ठरवले. वाजवा, ओळखा, मग झाकण उघडा. पुढचे कितीतरी दिवस मी घरात बिया वाजवत बसलो होतो. बहाव्याची शेंग खुळखुळते. सागाचं बी टकटकतं. पळसाची पापडी मात्र वाजतच नाही — डबा कानाला लावला तर कागद सरकल्यासारखं काहीतरी. हा डबा मुलं ओळखणार कशी? रेणुका म्हणाली, "सर, याच्याजवळ गाणंच लावू. गाण्यावरून ओळखतील."

मी माझा सगळा संग्रह चाळला. सासर होतं, माहेर होतं, रुसवे होते. पळस कुठेच नव्हता.

एका गाण्यात होता. ते माझ्या संग्रहात नव्हतं, माझ्या स्वयंपाकघरात होतं. मुलगी लहान असताना कॉलनीतल्या पोरी त्याच त्या सासू-नणंदांच्या गाण्यांना कंटाळल्या, तेव्हा भाकरी थापता थापता शालिनीने ते रचलं होतं; आपण रचलं असं पोरींना मात्र कधी सांगितलं नाही. एकेका झाडाचं एकेक कोडं.

पानाविना पेटलं, पाण्याविना नटलं,
सांग भुलाबाई, झाड कुठलं?

तेव्हा मी काय म्हणालो होतो? "चाल बरी आहे." मी स्वतः कविता लिहायचो, छापूनही यायच्या. त्यातली एक ओळही कुणी गुणगुणताना मी ऐकली नाही. हिचं गाणं मात्र पोरी दरवर्षी म्हणत राहिल्या, आणि लग्नं होऊन ढाणकीला, वणीला गेल्या तेव्हा सोबत घेऊन गेल्या. हे कसं होतं, याचं मला कुतूहल वाटायचं. — नुसतं कुतूहल? नाही. आता तरी नीट सांगायला हवं. मला ते सहन व्हायचं नाही.

समितीची पुढची बैठक आमच्याच घरी होती. मी गाणं वाचून दाखवलं. कुणाचं ते सांगितलं नाही. मनात म्हटलं, आधी ऐकू तर देत. रेणुका खूश झाली. समितीवरचे एक निवृत्त प्राचार्य मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! हे तं शंभर वर्सांचं असीन!" रेणुकाने विचारलं, "सर, पाटीवर गाण्याखाली नाव कोणाचं टाकू?"

शालिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती — आणि तिच्या चेहऱ्यावर, अजून आठवतं, राग वगैरे काही नव्हता. पुढे काय होतं ते बघायची उत्सुकता होती. वर्गात मुलगा फळ्यावर गणित सोडवायला उभा राहिला की ती तशी बघायची.

मी म्हणालो, "पारंपरिक."

ती आत आली. "घ्या, चहा थंडा होऊन राह्यला," म्हणाली. कप वाटले आणि गेली.

एक शब्द. तिचं नाव घ्यायला त्याहून जास्त वेळ लागला नसता. मग घेतलं का नाही? लोक हसले असते का? मला नाही वाटत. खरं तर टाळ्या वाजल्या असत्या, आणि त्या टाळ्या मला माझ्याच घरात ऐकायच्या नव्हत्या.

सगळे गेल्यावर तिने एकदाच विचारलं, "काहून हो?" मी म्हणालो, पारंपरिक म्हटलं की गाण्याचा मान वाढतो. "असं काय," ती म्हणाली, "म्हणजे आता मी शंभर वर्सांची झाली. उठताना हात देत जा मग." आणि हसली. मीही हसलो. पुढे अनेक दिवस खुर्चीतून उठताना ती हात पुढे करायची, मी द्यायचो. ती थट्टा होती की दुसरं काही, हे मी तेव्हा विचारलं नाही.

उद्यान उघडलं त्या दिवशी आम्ही दोघं पळसाखाली उभे होतो. एक तरुण आई मुलीला पाटी वाचून दाखवत होती. शालिनीला म्हणाली, "खूप जुनं आहे काकू हे. आमची आजी म्हणे." शालिनीने विचारलं, "हो का? मंग आजीले कोणं शिकवलं?" बाई पुन्हा पाटी वाचू लागली. मी पलीकडे जाऊन डबे वाजवत बसलो.

त्यानंतर मी माझा संग्रह पुन्हा काढला. जवळजवळ प्रत्येक गाण्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे — पारंपरिक. पूर्वी तो शब्द वाचून मला गाव दिसायचं. आता वाटतं, यातलं प्रत्येक गाणं कुण्या एकीने पहिल्यांदा म्हटलं असेल. ती कोण होती? कुणी विचारलं तेव्हा तिच्या शेजारी कोण बसलं होतं?

आज मी नाव सांगितलं तर कुणाला पटणार नाही. आजी म्हणायची, असं सांगणारे पुष्कळ आहेत. उद्यानाच्या पुस्तिकेत मीच गाण्याच्या जुनेपणावर एक पान लिहिलं आहे. लोक म्हणतील, बायको गेल्यापासून सर असं बोलतात.

त्या गाण्याला आणखी एक कडवं होतं. ते पोरींना शिकवलेलं नव्हतं. मी जवळपास असलो की ती मुद्दाम म्हणायची. 'पुस्तकात हुडकलं, रानात हरवलं' अशी त्याची सुरुवात होती. त्यात पुढे ती 'झाड कुठलं' म्हणायची नाही, दुसरंच काही म्हणायची. मी कधी नीट ऐकलं नाही. मुलीला विचारलं, तिलाही ते माहीत नाही.

पहिली ओळ माझ्याजवळ आहे. दुसरी नाही.