‘चालशे’ कुणाला म्हटलं?

साडू फार चांगला असू नये. माझा होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सुरतच्या बमरोलीत आमचे विजेवरचे लूम शेजारी-शेजारी, पण स्कूटर आधी त्याच्याकडे आली, रंगीत टीव्हीही आधी त्याच्याकडेच. सासुरवाडीला गेलो की सासूबाई तुपाची वाटी त्याच्या ताटाजवळ ठेवायच्या. मी मनात जळायचो आणि हात लांबवून तूप घ्यायचो.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघांनी एकाच शेठचं साडीचं कापड विणायला घेतलं. माल दिवाळीआधी द्यायचा, अशी लेखी अट. मध्येच गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि लूम बंद पडले. आम्ही दोघं शेठच्या दुकानात गेलो. बोलणार अर्थातच साडू, त्याची गुजराती माझ्याहून बरी. हेही मला खुपायचंच.

"शेठ, माल थोडो मोडो आवशे." थोडा उशीर होईल, असं त्याने सांगून टाकलं.

"चालशे," शेठ म्हणाला. चालेल म्हटल्यावर मी निश्चिंत होऊन चहा प्यायलो.

माल पोहोचला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. शेठने दोघांचाही परत पाठवला. आम्ही दोघांनी कोर्टात दावे लावले. कापड अंगावर पडलं तर मला लूम विकून पुन्हा दुसऱ्याकडे कारागीर म्हणून राबावं लागणार होतं. माझा साक्षीदार एकच, साडू.

शेठच्या वकिलाने त्याला विचारलं, "चालशे हे कोणाला म्हटलं?"

"मला."

"आणि यांना?"

साडूने माझ्याकडे पाहिलं. "यांचं नाव निघालं नव्हतं."

निकाल लागला. साडूला शेठने मुदत वाढवून दिली होती, सबब त्याचा माल घ्यावा. मला वाढवून दिल्याचा पुरावा नाही, सबब माझा दावा फेटाळला. ट्रान्सफॉर्मर एकच जळला होता, दुकानही तेच. शेठच्या तोंडून एक शब्द काय तो निघाला, तोही त्याच्याच वाट्याला!

कोर्टाबाहेर मी त्याला गाठलं. "दादा, मी तिथंच होतो ना?"

"व्हता ना भाऊ," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण तू मना मांगे उभा व्हता."

मी त्याच्या मागेच उभा होतो. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. लूम पुढे त्यानेच घेतले, भावही रास्त दिला. मी त्याच लूमवर त्याच्याकडे कामाला लागलो. बायको म्हणाली, "परक्याच्या दारात जाण्यापेक्षा बरं."

मला परका परवडला असता.