डेअरीच्या नंबरवर गेलेला रिपोर्ट

“शेटेबाई, तो सुतार ॲडमिट झाला का?”

दुपारचा एक वाजला होता. चौगुले सरांनी दारातूनच विचारलं तेव्हा माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. चौगुले सर आमच्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट, माझे साहेब. मी लॅबची इन-चार्ज. रक्त तपासणारी मशीन, ती चालवणारी माणसं आणि बाहेर जाणारा प्रत्येक रिपोर्ट, सगळी जबाबदारी माझी.

“झाला असेल की सर. रिपोर्ट सव्वानऊलाच पाहिलाय त्यांनी.”

“असेल, की झालाय?”

कॅज्युअल्टीला फोन लावला. सुतार नावाचं कुणीही आलेलं नव्हतं. मी डबा बाजूला सारला.

विष्णू सुतार, वय छप्पन्न, किडनीचा जुना पेशंट. गाव गगनबावड्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. आदल्या दिवशी ओपीडीत रक्त देऊन एस.टी.नं घरी गेला होता. सकाळी मशीनवर त्याचं पोटॅशियम आलं सात पॉइंट दोन. पोटॅशियम हा रक्तातला एक क्षार. तो साडेतीन ते पाचच्या आसपास असावा लागतो. सातच्या वर गेला की हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. कधीकधी रक्त काढताना पेशी फुटतात आणि आकडा उगाचच वाढलेला दिसतो. म्हणून मी ट्यूब उजेडात धरून बघितली. वरचं पिवळं पाणी स्वच्छ होतं, म्हणजे पेशी फुटल्या नव्हत्या. सॅम्पल पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सरांनी ओके केलं आणि नऊ वाजता रिपोर्ट पोर्टलवर गेला.

हे पोर्टल म्हणजे दोन हजार आठच्या सुमाराचं आमचं कौतुक. हॉस्पिटलची वेबसाइट उघडायची, आपला मोबाईल नंबर आणि पासवर्ड टाकायचा, की रिपोर्ट समोर. अपॉइंटमेंटही तिथंच. आता कुणाला एका कागदासाठी कोल्हापूरला हेलपाटा नको, म्हणून सुरू झालं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते.

त्यात एक अक्कल माझी होती. पूर्वी असा धोक्याचा आकडा आला की मी स्वतः पेशंटला फोन करायचे. निम्मी सकाळ त्यातच जायची. लागतच नाही, उचलतच नाहीत, उचलला तर “राँग नंबर” म्हणून ठेवतात. मी पोर्टल बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांच्या मागे लागून एक सोय करून घेतली. पेशंटनं रिपोर्ट उघडला की नावापुढं ‘पाहिला’ अशी हिरवी खूण यायची आणि फोनच्या यादीतून ते नाव गळायचं. सरांनी तेव्हाच विचारलं होतं, “उघडणारा पेशंटच असेल कशावरून?”

“सर, पासवर्ड असतो त्याला,” असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

आता मी सुतारच्या नावापुढचा मोबाईल नंबर फिरवला. पलीकडून खणखणीत आवाज आला.

“हां, डेअरी! कोण बोलतंय?”

“कोल्हापुरातून, हॉस्पिटलच्या लॅबमधून. विष्णू सुतार आहेत?”

“विष्णूआण्णा घरात आसंल की. मी सेक्रेटरी बोलतोय, दूध संस्थेचा.”

“मग हा नंबर तुमचा कसा? आमच्याकडं त्यांच्या नावावर आहे.”

“आवो मॅडम, सगळ्या गावाचा ह्योच नंबर हाय. रेंज फकस्त डेअरीच्या कट्ट्यावर येतीया. बँकेत ह्योच, शाळंत ह्योच, तुमच्याकडं बी ह्योच.”

“सकाळी रिपोर्ट कुणी उघडला?”

“मीच की. गगनबावड्याला गेलतो, नेटवर. चौदा जणांचं काढून आणल्यात. सांजच्याला दूध घालाय येतील तवा ज्याचं त्याला देतो.”

चार तास! चार तास तो कागद दुधाच्या रजिस्टरखाली पडून होता आणि इथं मी हिरवी खूण बघून निवांत बसले होते.

“अहो, लाल अक्षरात आकडा होता! दिसला नाही तुम्हाला?”

“प्रिंटर काळा हाय मॅडम. लाल कुठनं दिसणार?”

“आणि पासवर्ड?”

“त्यो भित्तीवर लिवलाय. मी नसलो तर कुणालाबी घावावा म्हणून.”

दुसरी वेळ असती तर मी हसले असते. तेव्हा ओरडले. “सेक्रेटरी, ते रिपोर्ट राहू देत! पळत जा विष्णूआण्णांच्या घरी. माणूस कसा आहे ते बघा आणि इथं फोन करा. आत्ता!”

“लई शिरेस हाय का वो?”

“जिवावरचं आहे.”

फोन तिथंच कट झाला. मोबाईल बरोबर घेऊन गेला असता तरी उपयोग नव्हता, घराकडं रेंजच नव्हती.

मग वाट बघणं. सरांनी किडनीच्या डॉक्टरांना सांगून डायलिसिसचं एक मशीन अडवून ठेवलं. मी फोनसमोरून हलले नाही. दहा मिनिटं. पंधरा. सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर कालचा विष्णू सुतार येत होता. रक्त देताना तोंड फिरवून “मॅडम, हळू टोचा की,” म्हणाला होता. त्या माणसाला माझ्या सोयीनं मारलं तर मी घरी काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

बावीस मिनिटांनी फोन वाजला. सेक्रेटरीला धाप लागली होती.

“आण्णा झोपून हाय. पायात ताकदच न्हाय म्हणतोय. सकाळधरनं उठवंना झालंय. वैनीला वाटलं आशक्तपणा हाय. पावणं शहाळी घिऊन आल्यात, दोन पाजल्यात, तिसरं फोडाय लागलेत.”

स्पीकर चालू होता. सर जागेवरूनच किंचाळले, “फेकून द्या ते शहाळं!”

शहाळ्याचं पाणी म्हणजे पोटॅशियम भरलेलं. आजाऱ्याला शहाळं न्यावं ही आपली रीत. पण किडनी गेलेल्याला ते विषासारखं होतं. एरवी फळंसुद्धा मोजून खायला सांगतात ते याचसाठी.

“गाडी आहे का गावात?”

“दुधाचा टेम्पो हाय. पर कॅन भरल्यात.”

“कॅन उतरवा,” मी म्हटलं. “आज पेशंट भरा.”

“उतरीवतो,” तो म्हणाला. त्यानं एक सेकंदही घालवला नाही, हे मी आजही विसरत नाही.

थेट कोल्हापूरला दीड तास लागला असता. तेवढा वेळ हातात आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. सरांनी गगनबावड्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. आधी तिकडं न्यायचं, ईसीजी काढायचा, कॅल्शियमचं इंजेक्शन द्यायचं आणि मग ॲम्ब्युलन्सनं इकडं आणायचं, असं ठरलं. कॅल्शियमनं पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयाला थोडा वेळ सांभाळून धरता येतं. अडीच वाजता त्या डॉक्टरांचा फोन आला. ईसीजी बिघडलेला होता. ते म्हणाले, “अजून तासभर घरी राहिला असता तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.”

सव्वाचारला ॲम्ब्युलन्स आली. पाच वाजता डायलिसिस सुरू झालं. सातला मी स्वतः सॅम्पल लावलं. पाच पॉइंट तीन. आकडा वाचला आणि मला रडू फुटलं. लॅबमधल्या पोरी बघत होत्या, बघू देत म्हटलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी रजिस्ट्रेशनचे जुने फॉर्म उपसत होते. असे सामाईक नंबर एक-दोन नव्हते. कुठं रेशन दुकानदाराचा, कुठं गुरुजींचा, एका वाडीत तर पिठाच्या गिरणीचा. लोकांनी काही लपवलं नव्हतं. फॉर्मवर ‘मोबाईल नंबर’ असं छापलेलं होतं, त्यांनी ज्या नंबरवर निरोप पोचतो तो दिला. तो कोणाचा, हे आम्ही विचारलंच नव्हतं. मी नवा रकाना घालून घेतला: ‘हा नंबर कोणाचा?’ माझी ती सोयही काढून टाकायला लावली. कंपनीचा माणूस म्हणाला, “मॅडम, तुम्हीच मागितली होती.” म्हटलं, “व्हय, मीच. आता काढ.”

चौथ्या दिवशी विष्णू सुतार घरी निघाला. मी नवा फॉर्म घेऊन त्याच्या खाटेशी गेले. झालं ते सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “रिपोर्ट बघितला म्हणताय, पर मी तर बघितलाच न्हवता. एकदा इचारायचं की मला.”

मी पेन उघडलं. “आता तुमचा स्वतःचा नंबर सांगा.”

“डेअरीचाच लिवा.”

“अहो आण्णा, एवढं सगळं झाल्यावर पुन्हा तोच?”

“मग कुणाचा लिवणार? माझा फोन घरात वाजतच न्हाय. आन् त्यो सेक्रेटरी पळत आला म्हणून तर तुमच्यासंगं बोलतोय.”

मी तोच नंबर लिहिला. पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘दूध संस्थेचे सेक्रेटरी. पळत जातात.’

तेव्हापासून धोक्याचा आकडा आला की रिपोर्ट कुणी उघडलेला असो वा नसो, मी फोन करते, आणि पेशंट किंवा त्याच्या घरचं माणूस तो आकडा मला परत म्हणून दाखवेपर्यंत ठेवत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.