तीन पेग आणि स्टीलचा पेला

पुतण्याचा साखरपुडा सांडोरला आमच्या वाडीतच झाला. जेवणं उरकली, मी भाड्याची भांडी मोजून घेत होते, तेव्हा धाकटे दीर दुचाकीची किल्ली शोधताना दिसले. ते कामणच्या एका गोदामाचा ट्रक चालवतात. संध्याकाळी सहाची पाळी होती. तिथे गेटवर प्रत्येक ड्रायव्हरला यंत्रात फुंकावं लागतं. मागे एकदा त्यात दारूचा आकडा आला म्हणून त्यांना लेखी ताकीद मिळाली होती. पुन्हा आला तर नोकरी जाणार होती.

किती घेतली, मी विचारलं. बारा ते अडीच, फक्त तीन पेग, म्हणाले. माझ्या कारखान्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणात हा अंदाज शिकवला होता: वजन, पोटात गेलेली दारू, मध्ये गेलेले तास. त्यांचं वजन सत्तर किलो. तीन पेग धरले तर सहापर्यंत काहीच उरत नव्हतं. मला बरं वाटलं.

मग सुचलं, पेग मोजला कशाने? त्यांनी स्टीलचा पेला आणला आणि आत बोट ठेवून दाखवलं, एवढी. तिथवर पाणी भरून मी औषधाच्या मापाने मोजलं. पेग तीस मिलीचा, हे सत्तर भरलं. तीनचे सात पेग झाले. आता सहा वाजता रक्तात कायद्याच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट दारू निघत होती, आणि गेटवर तर शून्यच लागतं.

“वहिनी, बघा, सरळ चालतोय की नाही,” म्हणत ते केळीच्या दोन ओळींमधून चालून आले. सरळच आले.

“भाऊजी, यंत्र तुमचे पाय बघत नाही.”

लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, सगळं त्यांनी सुचवून पाहिलं. याने उतरत नाही, वेळच जावा लागतो, मी सांगितलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. ताप आलाय असं कळवू का, म्हणाले. तेही नको म्हटलं. शेवटी त्यांनी सुपरवायझरला फोन करून खरं ते सांगितलं. बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची पाळी मिळाली. अंदाज चुकू शकतो, म्हणून तास मी जास्तच धरले होते.

सकाळी फोन आला. “शून्य,” दीर म्हणाले. “साहेब म्हणतात, घेतलीय असं आपणहून सांगणारा तू पहिलाच.”

मी खुर्चीत बसले. मंडपवाल्याला बोलवायचं होतं, भांडी परत द्यायची होती, आणखीही बरंच होतं. पण बराच वेळ मला उठावंसंच वाटलं नाही.