भावजींनी बदललेलं वेळापत्रक

ईमेलचा सर्व्हर सांभाळतो म्हणून कंपनीत त्याला सगळे टपालमास्तर म्हणत. माणूस भिडस्त, स्वतःसाठी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. मुख्य कचेरीत एक सर्व्हर, गावाबाहेरच्या गोदामात दुसरा. कर्मचाऱ्यांच्या नावापत्त्यांची यादी दोन्हीकडे सारखी राहावी म्हणून ती एकाकडून दुसऱ्याकडे जायची, पण सगळे घरी गेल्यावर. मधली लाइन बारीक. दिवसा ती पत्रांसाठी मोकळी हवी. हे वेळापत्रक त्यानंच बसवलेलं.

आणि आता यादी भरदिवसा धावत होती. पत्रं तुंबली. एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर गोदामाला वेळेत मिळालीच नाही. गिऱ्हाईक तुटलं.

साहेब खवळले. "मास्तर, चूक कोणाची ते संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर तुमच्या नावावर खपवतो."

त्यानं आपल्याकडचं वेळापत्रक पाहिलं, ठीक होतं. लाइन तपासली, सर्व्हर बंद करून चालू केला. यादी धावतच होती. मग त्याला गोदाम आठवलं. गोदामातला सर्व्हर भावजी बघत, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. साहेबांकडे शब्द टाकून त्यानंच त्यांना चिकटवलं होतं.

त्यानं फोन लावला. "भावजी, वेळापत्रकाला हात लावलात?"

"लावला की, दादा! नवी भरती झालेली मंडळी डोकं खात होती, यादीत आमचं नाव कधी दिसणार म्हणून. म्हटलं, कशाला ताटकळत ठेवा? रात्रीचं काढून 'कायम' करून टाकलं. आता नाव घातलं की लगेच हजर!"

"आणि पत्रं?"

"ती जरा रेंगाळतात. तुमची लाइनच म्हातारी हो."

"आधी होतं तसं करा. आत्ता."

"का हो? काही झालं का?"

त्यानं फोन ठेवला. यंत्र बिघडलं असं सांगता आलं असतं. पण साहेब बाहेरचा माणूस आणून तपासणार, मग दोघंही जाणार. त्यानं खरं सांगितलं.

"तुमचेच पाहुणे ना?" साहेब म्हणाले. "तुम्ही आणलंत, तुम्हीच सांगा. उद्यापासून येऊ नका म्हणावं."

संध्याकाळी तो बहिणीच्या दारात उभा राहिला. जे सांगायचं ते चाचरत सांगितलं.

"नाव तू दिलंस, दादा?"

"हो."

"यंत्रावर ढकलायचं होतंस."

तो चपला काढायला वाकला.

"अगं, त्यांना आत तरी येऊ दे," भावजींचा आवाज आला.

बहीण दारातून हलली नाही.