म्हसोबापाशी जागाबदल

गावात शिरायच्या आधी, ओढ्याच्या वळणावर आमचा म्हसोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, वर पत्रा, बाजूला बाभळीचं बेट. आमची पिकअप तिथं येता-जाता थांबायची, त्यामुळं आमचे हे फार भाविक आहेत असा गावाचा समज झाला होता. "कितीबी घाई असू दे, गडी देवाला हात जोडल्याबिगर पुढं जात न्हाई," असं पारावर बसणारे आप्पा कौतुकानं सांगायचे. खरा प्रकार असा होता की बाभळीच्या आडोशाला मी ड्रायव्हरच्या सीटवरून उतरायची आणि हे चढायचे.

गाडी मीच चालवायची. माझं माहेर भीमेपलीकडं, शिरूर तालुक्यात. तिथं वडिलांनी मला ट्रॅक्टर शिकवला, कारण भावाचे पाय क्लचपर्यंत पोचत नव्हते आणि नांगरट काही थांबायला तयार नव्हती. लग्न होऊन इकडं दौंड तालुक्यात आले. पुढं आम्ही जुनी पिकअप घेतली. लायसन दोघांकडंही होतं. फरक एवढाच की समोरून ट्रक आला की ह्यांना डोळे मिटायची सवय.

म्हसोबा ते घर, सरळ रस्ता, दुसरा गिअर, एवढं मात्र हे झकास चालवायचे. तेवढ्यावर गावानं त्यांना पट्टीचा ड्रायव्हर ठरवलं होतं. मी शेजारी पदर घेऊन बसायची. मला याचा भयंकर राग यायचा. कधी कधी उतरताना दार असं आपटायची की देवाचा पत्रा वाजायचा.

"लोक काय म्हंतील?" हे म्हणायचे. "बायकू गाडी हाकती आन् ह्यो बाजूला केळी खातोय?"

केळी ते खरंच खायचे.

अशातच आमच्या बचत गटाला नदीपलीकडच्या कारखान्यांच्या कँटीनचं काम मिळालं. भाजी निवडायची, चिरायची आणि रोज सकाळी पोचती करायची. म्हणजे रोजची गाडी लागणार. हे काम मला माझ्या नावानं हवं होतं. पण गटाच्या अध्यक्ष काकूंनी घरी येऊन गाडी ठरवली ती ह्यांच्याशी. मी चहा दिला. हेही मान डोलावून "व्हय, व्हय, काळजी सोडा" म्हणाले. महिला दिनाच्या सभेत तशी घोषणा व्हायची होती. म्हणजे बायकांच्या रोजगाराचं काम, चालवणारी बाई, आणि नाव केळी खाणाऱ्याचं!

महिला दिनाला पाहुण्या मॅडम रेल्वेनं केडगावला उतरणार होत्या. त्यांना आणि मंडपवाल्याच्या स्पीकरच्या पेट्यांना आणायला आम्हीच गेलो. येताना मॅडम मध्ये बसल्या आणि वाटभर उत्साहानं बोलत होत्या. बाई गाडी चालवते म्हणून त्यांनी माझे दोन-तीन फोटोसुद्धा काढले. म्हसोबा आला. मी उतरले, हे चढले.

"गाडी बिघडली का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम," मी म्हटलं, "गाव आलं."

मॅडमनी फोटो काढायचा फोन पर्समध्ये टाकला. ह्यांनी घसा खाकरून दुसरा गिअर टाकला.

शाळेच्या मैदानात मंडप उभा होता. पुढं खुर्च्यांवर बायका, मागं कडेला पुरुष. मॅडमना उतरवून मी परत आत बसले. तेवढ्यात आप्पा काठी हलवत आले. "पेट्या जड हायेत. रिव्हर्स घे आन् स्टेजला लाव."

इथंच घोळ झाला. घरी गाडी मागं घ्यायची वेळ आली की ह्यांना नेमकी तहान लागायची आणि ते पाणी प्यायला आत जायचे. आज अख्खं गाव बघत होतं, त्यामुळं तहानेचा उपयोग नव्हता. शिवाय आमच्याकडं गाडी मागं येताना दिसली की प्रत्येक पुरुषाला दिशा दाखवायचा झटका येतो. चारी बाजूंनी "येऊ दे, येऊ दे, डावीकडं मार, येऊ दे" सुरू झालं. ह्यांनी सगळ्यांचंच ऐकलं.

स्टेजपाशी मोकळ्या बाजूचा खांब आधी वाकला. मग मंडपाचा तो कोपरा, म्हातारी टेकत टेकत बसावी तसा, हळूच खाली आला. कुणाला खरचटलंही नाही. छताचं कापड गाडीवर पसरलं आणि 'स्त्री-पुरुष समानता' लिहिलेला बॅनर पुढच्या काचेवर येऊन बसला. आत अंधार झाला. ह्यांनी गाडी पुढं घ्यायचा प्रयत्न केला, इंजिन बंद पडलं. परत केला, परत बंद. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मला दया आली आणि हसूही आवरेना.

"ये इकडं, जागा बदल," ते कुजबुजले.

"इथं? सगळ्या गावासमोर?"

"कापड हाय की वरनं. कुणाला दिसतंय?"

खरंच दिसत नव्हतं. समानतेच्या बॅनरखाली आम्हाला बाभळीपेक्षा भारी आडोसा मिळाला होता. सीटवरून सरकायचं, गाडी बाहेर काढायची, परत सरकायचं. ह्यांची लाज वाचली असती, आणि गटाची गाडी कायमची त्यांच्या नावावर गेली असती. मला घरात शांतता प्रिय आहे. पण त्या क्षणी माझ्या नावाची घोषणा जास्त प्रिय होती.

"आधी कापड काढायला सांगा," मी म्हटलं. "मग बदलते."

"अगं, वेळ काय, तू काय बोलतीस!"

मी पदर कमरेला खोचला आणि बसून राहिले. बाहेर कुणीतरी बॉनेट बडवत होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, बॅनरकडं बघितलं. मग काच खाली करून कापडातून डोकं बाहेर काढलं आणि असे ओरडले की स्पीकरची गरज पडली नसती.

"आप्पा, कापड वढा! गाडी ही काढनार हाय! रोज हीच चालविती!"

कापड निघालं. मी उतरले, सगळ्या गावादेखत गाडीला वळसा घातला आणि चढले. गाडी पुढं घेतली, सरळ केली आणि एका दमात मागं नेऊन स्टेजला लावली. या वेळी कुणी "येऊ दे" म्हणालं नाही.

अध्यक्ष काकू खिडकीपाशी आल्या. मला वाटलं, मंडपाचं बोलतील. त्या म्हणाल्या, "मंग उद्या भाजी किती वाजता घिऊन येऊ, तूच सांग."

मॅडमना सोडून स्टेशनवरून परतताना म्हसोबा आला. ह्यांचा हात सवयीनं दाराच्या कडीकडं गेला. मी गाडी थांबवली नाही. त्यांनी चालत्या गाडीतूनच घाईघाईनं हात जोडले. पारापाशी आप्पा आडवे आले.

"काय रं, आज देवापाशी थांबला न्हाईस?"

हे केळ्याची साल सोलत शांतपणे म्हणाले, "डायव्हरला इचारा की, आप्पा."