निळीचे ठिपके

माझी पहिली नोकरी अळ्या पाळायची होती. बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीला मारणारा विषाणू तयार करत. अळीला हरभऱ्याच्या पिठाचं जेवण घालून बाळसं आणायचं, मग त्याच जेवणातून विषाणू द्यायचा आणि ती मेली की तिच्यातून कितीतरी पट विषाणू काढून घ्यायचा. प्रत्येक अळीला वेगळा कप्पा, कारण दोघी एकत्र आल्या की एक दुसरीला खाते. बेसा वस्तीतल्या आमच्या घरात मला स्वतःची खोली नव्हती, पण माझ्या अळ्यांना होती. हे सांगून मी आईला मुद्दाम छळायची.

मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई म्हणे, रोग बनवते. हे सांगताना तिचा आवाज खाली जाई. एवढी शिकलेली मुलगी मिहानमधल्या एखाद्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसलेली तिला बघायची होती, आणि ही तर अळ्यांचा डबा करत होती.

घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर आई मालकाला विचारून तूर लावायची. उन्हाळ्यात तिथे बांधकाम सुरू होणार होतं, म्हणजे हे शेवटचं पीक. थंडीत त्या तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी झाली की आमच्या घरात दुसरा विषय नसे. शेंगा भरू लागल्या आणि नेमक्या अळ्या पडल्या. शेजारच्या काकूंनी विषाची बाटली आणून दिली. दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात पंचशील म्हणणाऱ्या आईला ती उघडवेना. मी छाती फुगवून म्हटलं, थांब, माझा विषाणू आणते. तो माणसाच्या वाटेला जात नाही, मधमाशीच्याही नाही.

"मंग तुह्या रोगानं मारनं कोणतं पुण्याचं काम हाय वं?" आई म्हणाली. तरी तिने मला दोन रविवारांची मुदत दिली. त्यानंतर काकूंची बाटली.

साहेबांना विचारून मी विषाणू आणला. सोमवारी कामाला निघता निघता, चांगलं ऊन वर आलेलं असताना, फवारला आणि गाणं म्हणत स्कूटी काढली. शुक्रवारपर्यंत अळ्या आणखी जाडजूड झाल्या. तुझा रोग सुट्टीवर गेला का, असं आई रोज विचारायची. मला रडू येत होतं. शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेत आमच्याच बाटलीवरचं लेबल वाचलं: ऊन उतरल्यावर फवारा, सोबत नीळ घाला. लेबल मीच लिहिलं होतं. उन्हात हा विषाणू टिकत नाही, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं. पण प्रयोगशाळेतल्या अळ्यांच्या खोलीत ऊन येतच नसे, आणि घरी ऊन असतं हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मी एकटीच इतकी हसले की साहेब बघायला आले.

शनिवारी संध्याकाळी बादलीत विषाणू घेतला, अळ्यांनी आवडीने खावं म्हणून गूळ घातला आणि उन्हापासून राखण म्हणून आईची अख्खी निळीची बाटली ओतली. पंप मारताना वाऱ्याकडे बघायचं भान कुणाला? तारेवर आईची उद्याची साडी वाळत होती. तिच्यावर पदरापासून निऱ्यांपर्यंत निळे ठिपके उठले. आई जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. रविवारी ती कपाटातली दुसरी साडी नेसून, माझ्याकडे न बघता गेली.

मग मी रोज दोनदा तुरीत. बुधवारी अळ्या मंदावल्या, खाईनाशा झाल्या. पुढच्या शनिवारी सकाळी बघते तर साऱ्या झाडांच्या शेंड्यांवर चढून, डोकं खाली करून, मरून लोंबकळत होत्या. मी गाऊनवरच त्या प्लॉटवर नाचले. काकू गच्चीवरून पाहत होत्या, त्यांनाही हात केला. मला वेड लागायचंच बाकी होतं. आई आली. एका शेंड्याकडे बराच वेळ बघत राहिली, बिचाऱ्या म्हणाली. मग एक शेंग तोडून सोलली. आत चारही दाणे शाबूत होते. ते तिने माझ्या तोंडात घातले.

दुसऱ्या दिवशी विहारात निघताना पाहिलं तर ती तीच ठिपक्यांची साडी नेसत होती. मी म्हटलं, आई, दोन पांढऱ्या साड्या आहेत कपाटात, आणि हे डाग तर धुतले की जातील.

पदर सारखा करत ती म्हणाली, "राहू दे. बाया विचारतीन, त सांगता येईन मले."